पुडी कोणासमोर उघडली, ते विचारा

अकलूज-माळशिरस भागात गांजा पकडल्याची बातमी आली की तिचा फोटो ठरलेला असतो. पुढे टेपने गुंडाळलेली पाकिटं किंवा उसातून उपटलेली झाडं, मागे रांगेत उभे साहेब, मध्ये मान खाली घातलेला एक माणूस. किलोचा आकडा आणि लाखांतली किंमत. ग्रुपवर त्याखाली आपलीच पोरं लिहितात, 'सोडू नका साल्याला, आत सडू द्या.'

माझं भांडण या पोरांशी आहे. नशेची बाजू मला घ्यायची नाही. गांजा आणि एमडीने वस्तीतली घरं कशी बसतात हे आपल्याला बाहेरच्याने येऊन सांगायची गरज नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सोलापूरजवळ चिंचोळी एमआयडीसीत आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ एमआयडीसीत एमडी बनवणारे कारखाने सापडले. असा कारखाना उभा करायला जे भांडवल लागतं ते बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत नसतं. तिथे असतो तो गाडीवरचा क्लीनर, पुडी पोचवणारा पोरगा, शेतावर झोपणारा सालगडी. सातबारा मालकाचा, पाणी मालकाचं, ऊसही मालकाचा. पण उसातली झाडं मात्र सालगड्याची! फोटोत मान खाली घालून कोण उभा राहतो, ते तुम्हीच बघा.

आता जामिनाचं गणित. अमली पदार्थांचा, म्हणजे एनडीपीएसचा कायदा १९८५ चा. गांजा १ किलोपर्यंत असेल तर ते अल्प प्रमाण. २० किलोच्या वर गेला की व्यापारी प्रमाण, शिक्षा १० ते २० वर्षं, आणि जामिनाच्या दारात कलम ३७ उभं. हा माणूस दोषी नाही असं मानायला सबळ कारण आहे आणि बाहेर गेल्यावर तो पुन्हा गुन्हा करणार नाही, या दोन्ही गोष्टींची न्यायाधीशांची खात्री पटली तरच जामीन. खटला सुरू व्हायच्या आधीच निर्दोष ठरा, असा हा उलटा न्याय. म्हणजे १९ किलो आणि २१ किलो यांच्यात दोन किलोंचं नाही, आयुष्यातल्या कित्येक वर्षांचं अंतर आहे.

मग वजन कशाचं केलं? कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलं-फळं धरलेले शेंडे. शेंडे नसतील तर नुसती पानं आणि बिया गांजात धरत नाहीत. उसातून झाड मुळासकट उपटायचं, ओल्या देठापानांसह काट्यावर टाकायचं आणि आलेला आकडा पंचनाम्यात लिहायचा, याला काय म्हणायचं? ऑगस्ट २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. भारती डांगरे यांनी ४८ किलोंच्या एका प्रकरणात याच व्याख्येवर बोट ठेवून अटकपूर्व जामीन दिला. जप्त केलेला पाला आणि तपासणीला गेलेला नमुना यांच्यातला फरकही त्यांनी पाहिला. पण हा मुद्दा मांडणारा वकील लागतो.

आणि नमुना किती? गांजाचा नमुना २४ ग्रॅमचा, त्याची एक जोडप्रत. प्रयोगशाळा सगळा माल बघत नाही, ती हे २४ ग्रॅम बघते. ते कोणी काढले, कोणत्या पाकिटातून काढले, सील कोणाचं, मुद्देमालाच्या खोलीत किती दिवस पडून होते, यावर एका माणसाची वर्षं अवलंबून आहेत. म्हणून कायद्यात कलम ५२-अ आहे. मालाची यादी करा, फोटो काढा, नमुने न्यायदंडाधिकाऱ्यासमोर काढा. त्याने प्रमाणित केलेली यादी आणि नमुने हाच मग प्राथमिक पुरावा. २८ जानेवारी २०१६ रोजी मोहनलाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जप्तीच्या जागीच नमुने काढण्याला या कायद्यात आधार नाही. डिसेंबर २०२२ पासून लागू झालेल्या नियमांतही तेच आहे.

हे सगळं कशाला, असं वाटत असेल तर २०२१ आठवा. नवाब मलिक मंत्री होते, त्यांच्या जावयाला एनसीबीने जानेवारीत अटक केली. आकडा सांगितला १९४ किलोंच्या वर. प्रयोगशाळेत १८ नमुने गेले, त्यातल्या ११ मध्ये गांजा निघालाच नाही. जामीन मिळाला सप्टेंबरअखेर. मंत्र्याच्या जावयाला, बडे वकील दिमतीला असताना, आठ महिने! माळशिरसच्या कोर्टात ज्याची आई झाडाखाली डबा घेऊन बसते, त्याच्या पाकिटांची अशी झडती कोण घेणार?

आता ही ढालही पातळ केली जाते आहे. २० डिसेंबर २०२४ रोजी काशिफ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की कलम ५२-अ ची पूर्तता उशिरा झाली किंवा नीट झाली नाही, एवढ्यावर जामीन मिळणार नाही. ही 'प्रक्रियेतली अनियमितता' आहे, आणि हे कलम मुळात जप्त माल लवकर नष्ट करता यावा म्हणून आणलं होतं. त्याच प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने नमुन्यांसाठीच्या अर्जाला दीड महिन्याहून जास्त उशीर झाल्याचं पाहून जामीन दिला होता. मग ६ जानेवारी २०२५ रोजी भारत आंबळे प्रकरणाचा निकाल आला. बाकीचा पुरावा विश्वासार्ह असेल तर या कलमाचा भंग खटला पाडत नाही, आणि भंग झाल्याचं दाखवणारी पायाभूत तथ्यं आधी आरोपीने मांडायची.

न्यायालयाचा मान ठेवून सांगतो, हे मला पटत नाही. माल नष्ट करण्यासाठी कलम आणलं हे खरं. पण माल नष्ट झाल्यावर आरोपीच्या हातात काय उरतं? फक्त ते २४ ग्रॅम आणि तो कागद. म्हणजे तो कागद जास्त काटेकोर हवा की कमी? आणि आरोपीने तथ्यं मांडायची म्हणजे कुणी? मुद्देमाल रजिस्टर ठाण्यात, सील ठाण्यात, आरोपी तुरुंगात.

'टेक्निकल ग्राउंडवर सुटला' असं आपणही तोंड वाकडं करून म्हणतो. राज्यघटनेच्या कलम २१ मधून 'ड्यू प्रोसेस' वगळलं गेलं, तेव्हा त्याची भरपाई म्हणून बाबासाहेबांनी सप्टेंबर १९४९ मध्ये घटना समितीत नवं कलम आणलं. तेच आजचं कलम २२. अटकेची कारणं सांगा, वकील करू द्या, २४ तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभं करा. ठाण्याच्या चार भिंतींत पोलीस आणि गरीब माणूस हे दोघेच असू नयेत, तिसरा कुणीतरी बघणारा असावा. मालाच्या बाबतीत ५२-अ तेच करतं. बाबासाहेबांना 'टेक्निकल' म्हणणार आहात का? देशातल्या तुरुंगांत चारपैकी तीन कैदी कच्चे आहेत आणि त्या कच्च्या कैद्यांत पाचामागे साधारण एक अनुसूचित जातीचा. 'सडू द्या' म्हणता ते यांना.

तेव्हा वस्तीतला कुणी अशा गुन्ह्यात अडकला, तर मोर्च्याच्या आधी कागद. तो दोषी असेलही, ते कोर्ट ठरवेल. पहिल्याच रिमांडला पंचनाम्याची नक्कल मागा. नमुने जागेवरच काढले का? दंडाधिकाऱ्याकडे अर्ज कोणत्या तारखेला गेला, नमुने कोणत्या तारखेला निघाले? पंच कोण, आणि तेच पंच आणखी किती गुन्ह्यांत आहेत? वजन शेंड्यांचं की अख्ख्या झाडाचं? सीए रिपोर्टमध्ये नमुन्याचं वजन आणि सीलचं वर्णन असतं, ते पंचनाम्याशी ताडून बघा. फेरतपासणी अगदी अपवादानेच मिळते आणि २०१३ च्या थाना सिंग निकालाप्रमाणे तिचा अर्ज रिपोर्ट मिळाल्यापासून १५ दिवसांत करावा लागतो. त्यामुळे रिपोर्ट वकिलाच्या टेबलावर पडून राहू देऊ नका. कोठडीतल्या माणसाला, आणि अनुसूचित जाती-जमातीच्या कुणालाही, विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो. पण त्या वकिलाकडे दिवसाला ढीगभर फायली असतात, तारखांचा हा कागद तुम्हीच लिहून त्याच्या हातात द्या.