ऐच्छिक? कुणाच्या इच्छेनं?

पहिल्या वर्षाला नाव घालताना खिडकीतला बाबू खेकसला, ''सोपं काहीतरी घे. आकडेमोड तुला जमायची नाय.''

हातात यादी. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह. विचारायचं कुणाला? बाप नाक्यावर, आय धुण्याभांड्याला. ज्याचा काका प्राध्यापक, त्याचा फॉर्म घरूनच भरून आलेला. मी सोपं घेतलं. पास झालो. डोकं मात्र कोरं ते कोरंच.

२०२०च्या शैक्षणिक धोरणानं निवडीचा लई डंका पिटला. सोबत भारतीय ज्ञान प्रणालीचा विषय आणला. भारतीय म्हणजे कोण, साल्यांनो? कातडं कमावणाऱ्याचं रसायनशास्त्र, शिवेचा दगड न् दगड ठाऊक असलेल्या महाराचं भूमापन, त्यालाही क्रेडिट द्या. मग बोलू.

दोस्तांनो, १९१३ ते १९१६ बाबासाहेब कोलंबियात शिकत होते. मुख्य विषय अर्थशास्त्र. तरी इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञानाच्या वर्गांत जाऊन बसले. जातीच्या उगमाची चिरफाड करणारा निबंध त्यांनी ९ मे १९१६ला वाचला, तो मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात. मुख्य विषयाबाहेरच्या वर्गात! बाबूच्या 'सोप्या'त हे हत्यार घडलं असतं?

म्हणून सांगतो, सोपं नको. कायदा घ्या, संख्याशास्त्र घ्या, इतिहास घ्या अन् वर्गात उभं राहून प्रश्न विचारा. आणि जूनमध्ये प्रत्येक कॉलेजच्या गेटाबाहेर आपलं टेबल टाका. आपलं नवं पोरगं त्या खिडकीपाशी एकटं जाता कामा नये.