पांढऱ्या कपड्यांवरील रंगाचे डाग
नव्या लाल साडीबरोबर भिजविलेला पांढरा सदरा गुलाबी झाला, तर खेद करीत न बसता तो तत्काळ वेगळा काढावा. तो वाळू देऊ नये; इस्त्री तर मुळीच फिरवू नये, कारण उष्णतेने डाग पक्का होतो. प्रथम थंड पाण्यात खळबळून मग साबणाने धुवावा. तरीही रंग राहिल्यास, कापड सुती असेल तरच, बाटलीवरील सूचनेप्रमाणे ब्लीच भरपूर थंड पाण्यात मिसळून त्यात थोडा वेळ बुडवावा व पुष्कळ पाण्यातून काढावा. रेशीम व लोकर यांचे तंतू ब्लीचने नष्ट होतात. ब्लीचमध्ये लिंबू वा व्हिनेगर कधीही घालू नये; त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. नवे रंगीत वस्त्र आरंभीच निराळे धुतले, तर हा खटाटोपच उरत नाही.