ठराव झाला, अंमल कोणी करावयाचा?

निवडणुकीचा निकाल लागला की गावोगाव हारतुरे निघतात. पहिल्याच खेपेस विधानसभेत जाणाऱ्या आमदाराचे तर अधिकच कौतुक होते. तो कोणत्या गावचा, कोणाचा मुलगा, किती मतांनी आला, ही चर्चा महिनाभर पुरते. परंतु सभागृहात जाऊन तो नेमके काय करणार, हा प्रश्न त्या गर्दीत कोणी विचारीत नाही. धम्म स्वीकारून ज्यांस अद्याप फार काळ लोटलेला नाही अशा आमच्या वाचक-कुटुंबांनी तरी तो विचारावयास शिकले पाहिजे. आणि शिकावयाचेच तर महाडइतकी चांगली शाळा दुसरी नाही.

महाड म्हटले की आपणांसमोर चवदार तळे उभे राहते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब तळ्याच्या पायऱ्या उतरले आणि त्यांनी ओंजळभर पाणी घेतले. हा दिवस आपण विसरत नाही, ते योग्यच आहे. परंतु त्या ओंजळीच्या आधी एक ठराव होता आणि तिच्यानंतर एक निवडणूक होती. या दोन्ही गोष्टी मुलाबाळांस सांगितल्याखेरीज महाडची हकिकत पुरी होत नाही.

ठरावाची कथा अशी. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादुर सीताराम केशव बोले यांनी एक ठराव मांडून संमत करून घेतला. सार्वजनिक पैशाने बांधलेले किंवा चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, कोर्टे, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्य मानलेल्या लोकांस मोकळे असावेत, असा त्याचा आशय होता. सरकारने खात्यांस तशी आज्ञा दिली. १९२४ साली महाड नगरपालिकेनेही आपले तळे सर्वांस खुले असल्याचा ठराव केला. कागद पुरा झाला. परंतु त्या कागदाने एकाही घागरीत पाणी पडले नाही. परधर्मीय माणूस त्या तळ्याचे पाणी पीत होता, गुरेढोरे पीत होती, आणि ज्यांच्यासाठी ठराव झाला ते लोक मात्र काठावर तहानलेले उभे होते. १९२६ साली बोले यांस पुन्हा कौन्सिलात उभे राहून, जी नगरपालिका हा ठराव पाळीत नाही तिची सरकारी मदत बंद करा, असे मांडावे लागले. एवढ्यावरून काय ते समजावे. ठराव करणे हे अर्धे काम. त्याचा अंमल करविणे हे उरलेले अर्धे, आणि तेच अधिक अवघड.

ते उरलेले अर्धे काम करावयास जी माणसे पुढे आली त्यांत महाडचे एक गृहस्थ होते. त्यांचे नाव सुरेंद्रनाथ गोविंद टिपणीस. लोक त्यांना सुरबानाना म्हणत. ते चांद्रसेनीय कायस्थ प्रभू ज्ञातीचे. म्हणजे तळ्याचे पाणी त्यांस कोणी कधी नाकारलेले नव्हते. सत्याग्रहाच्या काळी ते महाड नगरपालिकेचे अध्यक्ष होते. गावातील सार्वजनिक जागा सर्वांस खुल्या असल्याचे त्यांनी जाहीर केले, आणि महाडास परिषद भरविण्यासाठी बाबासाहेबांस निमंत्रण दिले. दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारखे आपले तरुण कार्यकर्ते गावोगाव फिरून माणसे जमवीत होते. अनंतराव चित्रे यांच्यासारखे सवर्ण मित्रही त्यांच्या जोडीस होते. बाबासाहेब स्वतः त्या वेळी कायदे कौन्सिलाचे अगदी नवे सभासद होते. १९२७ च्या आरंभी ते नामनियुक्त सभासद म्हणून कौन्सिलात बसले आणि लगेच मार्चमध्ये महाडास आले. कौन्सिलातील बाक आणि तळ्याची पायरी यांच्यात त्यांनी अंतर मानले नाही. पहिल्या खेपेच्या सभासदाने आपले काम कोठून सुरू करावे, याचे उत्तर यात आहे.

पुढे काय झाले ते आपण जाणताच. वीरेश्वराच्या देवळात अस्पृश्य शिरणार अशी खोटी आवई उठवून परिषदेच्या लोकांवर लाठ्या चालविल्या गेल्या. तळ्याची 'शुद्धी' करण्यात आली. आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी, म्हणजे बोले यांच्या ठरावास बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी, महाड नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला! ही तारीख ध्यानात ठेवा. बहुमताने दिलेले बहुमत काढून घेऊ शकते. ज्या हक्कामागे जागी माणसे उभी नसतात तो हक्क एका बैठकीत नाहीसा होतो. डिसेंबर १९२७ मध्ये दुसरी परिषद भरण्यापूर्वीच विरोधकांनी कोर्टाचा मनाईहुकूम आणला. मनुस्मृतीचे दहन झाले. परंतु कोर्टाचा मान राखून तळ्यावर जाणे तहकूब करण्यात आले. तो दावा जवळजवळ दहा वर्षे चालला. शेवटी १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने, अस्पृश्यांस मज्जाव करण्याची रूढी अनादि काळापासून चालत आल्याचे विरोधकांस सिद्ध करता आले नाही, असे म्हणून निकाल आपल्या बाजूने दिला.

आता निवडणुकीची कथा. हा निकाल लागण्यापूर्वी महिनाभर, फेब्रुवारी १९३७ मध्ये, मुंबई प्रांताच्या नव्या विधानसभेसाठी मतदान झाले. बाबासाहेबांनी आदल्याच वर्षी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला होता. पक्षाने १७ उमेदवार उभे केले आणि १४ निवडून आणले. त्यांतील तीन जागा राखीव नव्हत्या. कुलाबा जिल्ह्यातून पक्षाच्या तिकिटावर सुरबानाना टिपणीस निवडून आले. तेव्हा मतदानाचा हक्क सर्वांस नव्हता. जमीन, कर किंवा शिक्षण यांची अट होती, आणि खोताच्या शेतात राबणाऱ्या पुष्कळशा कुळांस मतपेटीपर्यंत पोहोचताच येत नव्हते. अशा मतदारवर्गात, अस्पृश्यांच्या पुढाऱ्याने काढलेल्या पक्षाचे नाव घेऊन उभे राहणे सोपे नव्हते. सुरबानानांच्या हाती जाहीरनामा होता. परंतु त्याआधी त्यांच्या मागे दहा वर्षांचे वर्तन होते. उमेदवाराचे चरित्र याला म्हणतात. कोणाचा मुलगा हा प्रश्न नाही. अडचणीच्या दिवशी तो कोठे उभा होता, हा प्रश्न आहे.

सभागृहात पक्षापुढे कोणते काम होते? १७५ सभासदांत १४ म्हणजे मूठभरच. तरी त्यांनी आपली कामे निश्चित केली होती. कोकणातील खोती नष्ट करणे, महार वतनाच्या गुलामगिरीतून माणसे सोडविणे, गिरणी कामगारांचे हक्क राखणे, ही त्यांतील मुख्य. खोत हा सरकार आणि कूळ यांच्यामध्ये बसलेला मध्यस्थ. सारा तो गोळा करी आणि कुळावर सत्ताही तोच गाजवी. १७ सप्टेंबर १९३७ रोजी, पुण्याच्या अधिवेशनात, बाबासाहेबांनी खोती रद्द करण्याचे बिल मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकरी मुंबईच्या कौन्सिल हॉलवर चालून गेले. बिल मात्र संमत झाले नाही. १९३९ च्या अखेरीस मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि ती विधानसभाच निष्क्रिय झाली.

मग ती पहिली खेप वाया गेली काय? आम्ही तसे मानीत नाही. खोती नष्ट करणारा कायदा १९४९ साली झाला. महार वतनासारखी कनिष्ठ ग्रामवतने नष्ट करणारा कायदा १९५८ साली झाला; बाबासाहेबांनी त्या प्रश्नावर पहिले बिल मांडले होते १९२८ साली. म्हणजे तीस वर्षे गेली. परंतु प्रश्न एकदा सभागृहाच्या दप्तरी नोंदला गेला, त्यामागे रस्त्यावरची माणसे उभी राहिली, आणि त्यानंतरच्या सरकारांस तो टाळता आला नाही. नव्या आमदाराकडून पहिल्याच वर्षी चमत्काराची अपेक्षा करू नये. मात्र त्याने कोणता प्रश्न नोंदविला आणि तो किती चिकाटीने धरला, याचा हिशेब जरूर मागावा.

आज कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड आहे. महाड विधानसभा मतदारसंघात महाड व पोलादपूर हे तालुके आणि माणगाव तालुक्याचा काही भाग येतो. ही जागा राखीव नाही. येथून कोणत्याही ज्ञातीचा मनुष्य निवडून येऊ शकतो, आणि म्हणूनच सुरबानानांचे उदाहरण येथे उपयोगी आहे. आमदार आपल्यापैकी नाही म्हणून त्याच्याकडे काही मागावयाचे नाही, किंवा आपल्यापैकी आहे म्हणून त्यास काही विचारावयाचे नाही, या दोन्ही समजुती सारख्याच घातक आहेत.

काय विचारावे? या डोंगराळ मुलखात मुसळधार पाऊस पडतो, तरी उन्हाळ्यात वरच्या वाड्यांतील बायांच्या डोक्यावरचा हंडा उतरत नाही. ज्या तालुक्यात पाण्याच्या हक्काचा लढा झाला तेथे वाडीपर्यंत पाणी का पोहोचत नाही, हे विचारा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरील जुना पूल वाहून गेला आणि एस.टी.च्या दोन गाड्या प्रवाशांसह नदीत गेल्या. २२ जुलै २०२१ रोजी तळीये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे दगावली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे व साखर सुतारवाडी येथेही तसाच घाला पडला. आपली वस्ती डोंगराच्या कोणत्या अंगास आहे, तिची पाहणी झाली काय, झाली असल्यास अहवाल कोठे आहे, हे विचारा.

आणखीही आहे. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. त्याखालील १९९५ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात दक्षता व सनियंत्रण समिती असते, तिची बैठक दर तीन महिन्यांत एकदा तरी झाली पाहिजे, आणि जिल्ह्यातील आमदार तिचे सभासद असतात. आपले आमदार शेवटच्या बैठकीस हजर होते काय? अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासाचा पैसा आपल्या वस्तीच्या नावे किती आला, आणि रस्ता, गटार, दिवा यांपैकी प्रत्यक्ष काय उभे राहिले? धर्मांतर केल्यामुळे सवलती गेल्या, असे सांगून कोणी आपणांस घाबरवील, तर त्यास निक्षून सांगा की महाराष्ट्राने १९६० साली नवबौद्धांस सवलती दिल्या आणि १९९० च्या केंद्रीय कायद्याने बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींचे स्थान मान्य केले. मुलाच्या दाखल्यासाठी कोणी हेलपाटे घालावयास लावीत असेल तर ती तक्रारही आमदाराच्या कानी लेखी घाला.

बंधुभगिनींनो, लेखी हा शब्द आम्ही मुद्दाम योजला आहे. तोंडी विनंतीस तोंडी आश्वासन मिळते आणि ते दुसऱ्या दिवशी विरून जाते. अर्ज द्या, पोच घ्या, ती जपून ठेवा. ग्रामसभेस जा, आणि घरातील स्त्रियांसही न्या. विहारात रविवारी वंदना झाल्यावर अर्धा तास याच कामासाठी राखा. कोणता अर्ज कोठे अडला आहे ते एका वहीत लिहा. आमदार वस्तीत आला की हार घालण्यापूर्वी ती वही त्याच्यापुढे ठेवा. कमान, मंडप, बँडबाजा यांच्या मोबदल्यात मत देणारी वस्ती पाच वर्षांचे तोंड स्वतःच बंद करून घेते. चौथ्या शीलाने खोटे बोलावयाचे नाही असे आपण रोज म्हणतो. तर मग खोटे ऐकून गप्प बसावयाचे नाही, हेही त्यातच आले असे आम्ही समजतो.

१९२४ चा ठराव महाडच्या दप्तरात पडून होता. १९२७ साली माणसे चालत तळ्यावर गेली तेव्हा त्याला अर्थ आला. आज आपल्या बाजूचे कायदे त्या काळापेक्षा कितीतरी अधिक आहेत, आणि मत तर प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषाच्या हाती आहे. तेव्हा नवा आमदार कोण, एवढे विचारून थांबू नका. त्याच्याकडून कोणत्या ठरावाचा अंमल करवून घ्यावयाचा, ते आपल्या वस्तीत बसून आजच ठरवा.