जुना सिनेमा सांगताना...

‘ताई, एखादा जुना सिनेमा सांगा ना, चांगला!’ आमच्या राजापेठेतल्या भिशीत हा प्रश्न हल्ली दर महिन्याला निघतो. आधी चिठ्ठी उघडते, मग चिवडा-चहा आणि मग सिनेमे. एकजण म्हणते ‘मोलकरीण’ पाहा, दुसरी म्हणते ‘एकटी’ पाहा, पण रुमाल घेऊन बसा! तिसरीला ‘अशी ही बनवाबनवी’शिवाय दुसरं नावच आठवत नाही. विचारणाऱ्या बहुतेक पंचविशी-तिशीतल्या सुना. नवं पाहून पाहून कंटाळल्या म्हणतात. प्रत्येकीच्या हातात मोबाईल आहे, त्यात हवे तितके सिनेमे आहेत, पण कोणता पाहावा हे सांगायला अजून शेजारीणच लागते.

थिएटरवाल्यांनाही गेल्या दोन-तीन वर्षांत जुन्याची आठवण झाली आहे. २०२४ च्या सप्टेंबरात ‘तुंबाड’ परत लागला आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त चालला. २०२५ च्या फेब्रुवारीत ‘सनम तेरी कसम’चंही तेच झालं. ‘मंथन’चं तर कौतुकच. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये काढून उभा केलेला हा १९७६ चा सिनेमा. त्याची प्रत दुरुस्त करून २०२४ मध्ये फ्रान्समधल्या कान महोत्सवात दाखवली गेली, नंतर आपल्याकडेही. पण ज्या मराठी सिनेमांत बाई मधोमध उभी आहे, ते काही या परतीच्या गाडीत मला दिसले नाहीत.

आपल्या अमरावतीला याचं थोडं जास्त वाटायला हवं. राजकमल चौक, श्याम चौक, चित्रा चौक, सरोज चौक... ऑटोवाल्याला आपण रोज ही नावं सांगतो, ती टॉकीजची नावं आहेत हे नव्या पोरींच्या लक्षातही येत नाही. सी.पी.-बेरार म्हणून सिनेमा वितरणाचं जे सर्किट होतं, त्याचं अमरावती हे मोठं केंद्र. रिळांचे पत्र्याचे डबे इथून विदर्भातल्या गावोगावी जायचे. त्या काळी काय पाहायचं ते वितरक ठरवायचा, म्हणजे तो पुरुष आणि व्यापारी. आता ते टीव्ही चॅनल ठरवतं. तेच दहा-बारा सिनेमे आलटून पालटून लागतात, बहुतेक विनोदी. जे लागतं तेच आठवतं आणि जे आठवतं तेच आपण पुढच्या बाईला सांगतो. अशी यादी आखडत जाते.

मी स्वतः याच यादीत वाढले. १९९१ साली ‘माहेरची साडी’ आला तेव्हा मी शाळेत होते. आई, मावशी, शेजारच्या दोन काकू आणि आम्ही पोरी, अशी वरात टॉकीजला गेली होती. अलका कुबलचे हाल पाहून अख्खी टॉकीज हुंदके देत होती. बाहेर आल्यावर मावशी डोळे पुसत म्हणाली, ‘पाह्यलं? असं सोसा लागते बाईच्या जातीले.’ सिनेमाला नावं ठेवायची नाहीत मला. स्वतःच्या घरात रडायची चोरी असलेल्या बायकांना तीन तास मोकळं रडायला मिळालं, तेही काही कमी नाही. पण मावशीनं तो सिनेमा पुढं निदान दहाजणींना तरी सांगितला असेल, आणि प्रत्येकीला त्याच वाक्यासकट.

बी.ए.ला असताना एका मॅडमनी मला ‘कुंकू’ सांगितला. प्रभातचा, व्ही. शांताराम यांचा, १९३७ चा. मामा-मामी पैशासाठी नीराचं लग्न म्हाताऱ्या बिजवराशी लावून देतात आणि ती त्याला नवरा मानायला साफ नकार देते. रडत-भेकत नाही, घर सोडून पळतही नाही. त्याच घरात राहून नाही म्हणते! शांता आपटेनं ती नीरा अशी उभी केली आहे की आजची कुठलीही मालिकेतली नायिका तिच्यापुढं बाहुली वाटावी. काकासाहेबांच्या समाजकार्य करणाऱ्या मुलीचं काम शकुंतला परांजपे यांनी केलं आहे. या बाईंनी पुढं खऱ्या आयुष्यातही कुटुंबनियोजनाच्या प्रचारात उभा जन्म घातला आणि १९९१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. सिनेमाला पार्श्वसंगीत नाही, घरातले, रस्त्यावरचे आवाज तेवढे आहेत. त्यामुळे शांतता अंगावर येते.

तर दोन महिन्यांपूर्वी मी ठरवलं, या वेळी नुसतं नाव सांगायचं नाही, दाखवायचंच. मुलाकडून लॅपटॉप टीव्हीला जोडून घेतला, सतरंजी टाकली, चौदाजणी जमल्या. माझ्या मनात आणखी एक गोष्ट होती, ती सांगून टाकते. आमच्यातल्या एका वहिनी चार घरी पोळ्यांची कामं करतात. त्यांची मुलगी खेड्यावर आजीकडे असते, सोळा वर्षांची. तिचं लग्न ठरवताहेत हे कानावर आलं होतं. मला वाटलं, ‘कुंकू’ पाहून काहीतरी हलेल.

काही हललं नाही. सिनेमा संपला तशा वहिनी म्हणाल्या, ‘चांगला हाय ताई. पण आमी काई म्हातारा नाई पाह्यला पोरीसाठी. पोरगा चोवीसचा हाय, घरची वावरं हायेत.’ मी गप्प. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. १९३७ चा जरठ-कुमारी विवाह आता दिसत नाही, पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या विशीतल्या, म्हणजे २० ते २४ वयाच्या, शंभरातल्या साधारण बावीसजणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. कायदा आहे, गावात ग्रामसेवकावर ते रोखायची जबाबदारी आहे, १०९८ हा नंबर आहे. मी हे सगळं वहिनींना आधी सांगून झालं होतं. त्यांना ते पाठ होतं म्हणा ना.

पुढच्या महिन्यात ‘उंबरठा’ लावू म्हटलं तर भिशीत भांडणच झालं. जब्बार पटेलांचा १९८२ चा सिनेमा, शांता निसळ यांच्या ‘बेघर’ कादंबरीवरचा. स्मिता पाटीलची सुलभा लहान मुलीला घरी ठेवून महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून दूरगावी नोकरीला जाते. तिथला गैरकारभार तिला सोसत नाही, म्हणून ती परत येते, तर घरात तिची जागा उरलेली नसते. आमच्या एक काकू ठसक्यात म्हणाल्या, ‘लेकरू टाकून गेली, मग घर कसं राहीन बाप्पा?’ त्यावर त्यांचीच सून, एरवी तोंडातून शब्द न काढणारी, म्हणाली, ‘आई, नवरा नोकरीले गेला असता त कोणी म्हटलं असतं काय, लेकरू टाकलं म्हणून?’ दोघी चार दिवस बोलल्या नाहीत असं नंतर कळलं. समाजकार्य करणाऱ्या बाईनं घरोघरी भांडणं लावावीत का, असं मलाही माझ्या घरून ऐकावं लागलं. पण त्या सुनेचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला, हेही खरं.

‘उंबरठा’ मग बाजूला ठेवला आणि ‘दोघी’ लावला. १९९५ चा, सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा. सुमित्राताई मुळात समाजकार्य शिकलेल्या. १९८५ मध्ये त्यांनी ‘बाई’ हा झोपडपट्टीतल्या बाईवरचा लघुपट केला, तिथून त्या सिनेमाकडे वळल्या. २०२१ मध्ये त्या गेल्या. ‘दोघी’त लग्नाच्याच दिवशी अपघात होतो, नवरदेव जातो, मुलगी अपशकुनी ठरते. घर चालवायला तिला मुंबईला धाडतात आणि ती कसले पैसे पाठवते ते कोणी तोंडानं बोलत नाही. आई झाल्यात उत्तरा बावकर. हा सिनेमा शोधायला मला आठवडा लागला, चित्र धूसर, आवाज मधेच जाणारा.

जुन्या चित्रपटांचं जतन करायला पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. २००३ मध्ये तिथं आग लागली आणि प्रभातच्या काळातली कितीतरी रिळं जळाली. २०२२ मध्ये केंद्र सरकारनं चित्रपटांच्या जतनासाठी ३६३ कोटी जाहीर केले. कोणते आधी दुरुस्त करायचे हे ठरवताना आपलीही मागणी कुठं तरी पोचायला हवी. आमच्या मंडळाच्या लेटरहेडवर मी एक पत्र लिहायला घेतलंय. चौदा सह्या आहेत, एक अंगठा.

‘दोघी’ संपल्यावर सगळ्या उठल्या. पोळ्यांवाल्या वहिनी मागं राहिल्या, सतरंजीची घडी घालू लागल्या. घडी घालता घालताच म्हणाल्या, ‘ताई, त्या मायले मालूम होतं ना, पोरगी कोठी चालली ते?’

मी म्हटलं, ‘असावं.’

‘असावं काऊन म्हणता? होतंच.’ मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत. जाताना चपला घालून दारात थांबल्या. ‘पुढच्या भिशीले पोरीले आणू काय? तिले बी एखादा दाखवा जुना.’

ती येणार आहे येत्या शनिवारी. लग्नाची बोलणी अजून मोडलेली नाहीत. सोळा वर्षांच्या मुलीला कोणता सिनेमा दाखवावा याचा मी चार दिवस विचार करतेय. तुम्हाला एखादा आठवत असेल तर कळवा.