आजीचा गंधर्व

यावलच्या आमच्या घरात बालगंधर्व दोन होते. एक आजोबांचा, एक आजीचा. आणि त्या दोघांचे मुळीच पटत नसे!

आजोबांचा गंधर्व भामिनीच्या शालूतला. लोकमान्यांनी ज्याला ‘बालगंधर्व’ म्हटले आणि जो 1905 साली किर्लोस्कर मंडळीत गेला, तो. लहानपणी नारायणराव जळगावात मेहबूबखाँकडे गाणे शिकले, म्हणजे आजोबांच्या लेखी घरचेच! 1911 साली ‘मानापमान’च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी त्यांची लेक गेली, तरी ते उभे राहून गायले, हे सांगताना आजोबांचा उपरण्याचा पदर डोळ्यांशी जाई. पण उतारवयातले त्यांचे गाणे आजोबांना खपत नसे. “वेळीच उठावे माणसाने,” म्हणत.

आजी उभ्या जन्मात नाटकाला गेली नाही. तिला कोणी नेलेच नाही. ओसरीवर ग्रामोफोन लागे आणि ती माजघरातून ऐके. 1931 च्या ‘कान्होपात्रा’तला चोखोबांचा जोहार सुरू झाला, की कळण्याच्या पिठात तिचा हात थांबे. शालू, अत्तरे, गाद्यागिरद्या, कर्जाचे डोंगर, यांतले तिला काही ठाऊक नव्हते. देवळाबाहेर उभ्या राहिलेल्या माणसाचा नमस्कार तेवढा ठाऊक होता.

अमेरिकेतली अरीथा फ्रँकलिन बापाच्या चर्चमध्ये भजने गात वाढली, जगभर गाजली आणि 1972 साली पुन्हा चर्चमध्ये जाऊन भजनांची तबकडी करून आली. तिचे गाणे ऐकताना मला आजी आठवते. आमचे नारायणराव नाटकातून भजनाकडे आले. 1935 च्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात ते एकनाथ झाले. पुढे पाय गेले, तरी बसून भजने गात राहिले. लोक हळहळले, काही हसलेही. भजनाला वय लागते, हे माझे मत. आजोबांना ते सांगायची मात्र छाती झाली नाही.

15 जुलै 1967 ला ते गेले. रेडिओवर बातमी ऐकून आजोबा म्हणाले, “माझा केव्हाच गेला होता.” आणि आत जाऊन पडले.

ग्रामोफोनला आजीने तोवर कधी हात लावला नव्हता. त्या संध्याकाळी ती हात पुसत ओसरीवर आली, जोहाराची तबकडी बरोबर काढली आणि हळूच मला विचारले, “चावी किती वेळा फिरवायची रे?”