समन्यायी पाणीवाटपात भूमिहीन कुठे आहे?

महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायदा २००५ साली झाला. टंचाईच्या वर्षी खोऱ्यातील सर्व धरणांत ऑक्टोबरअखेर पाण्याची टक्केवारी जवळपास सारखी राहावी, असे तो सांगतो. याच आधारे नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडले जाते. मराठवाड्यासाठी ही तरतूद मोलाची आहे.

पण कालव्यात आलेले पाणी पुढे कुणाला मिळते? लाभक्षेत्रात कोटा ठरतो तो जमीनधारकाचा. सातबारा नाही, तर सिंचनाच्या पाण्यात वाटाही नाही. म्हणजे धरणाधरणांत न्याय होतो, माणसामाणसांत नाही. आपली असंख्य कुटुंबे इथेच नियोजनाबाहेर राहतात.

भूमिहीनाला पाणी कशाला, असे विचारले जाते. खंडाने शेती करायला, भाजीपाला पिकवायला, जनावरांच्या चाऱ्याला. पाण्याचा वाटा हातात असेल तर जमीनवाल्याशी बरोबरीने बोलता येते. हे स्वप्नरंजन नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात पाणी पंचायत उभी केली. तिथे पाणी जमिनीच्या नव्हे, माणसांच्या संख्येवर वाटले गेले, भूमिहीनांचाही हक्क मानला गेला आणि उसाला मनाई होती.

१९२७ साली महाडला बाबासाहेबांनी पाण्याला स्पर्श करण्याचा हक्क बजावला. आजची लढाई वाट्याची आहे. सरकारने कोटा माणशी ठरवावा आणि पाणी वापर संस्थांत भूमिहीनांना मताधिकार द्यावा, अशी आमची मागणी आहे. तरुण कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडावा.