विश्लेषण : भूक, थंडी, थकवा… ‘स्कायरिम’ला कठीण करण्याचे श्रेय कोणाचे?

‘द एल्डर स्क्रोल्स ५ : स्कायरिम’ हा गेम ११ नोव्हेंबर २०११ रोजी बाजारात आला. त्यानंतर गेमिंग कन्सोलच्या पिढ्या बदलल्या, ग्राफिक्स कार्डांच्या किमती आकाशाला भिडल्या, पण स्कायरिम काही जुना व्हायला तयार नाही. बेथेस्डा या कंपनीचे टॉड हॉवर्ड यांनी २०२३ मध्ये सांगितल्यानुसार या गेमच्या सहा कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या आहेत. एवढ्या दीर्घायुष्याचे श्रेय कंपनीला जितके, तितकेच किंवा कांकणभर जास्तच, ‘मॉड’ बनवणाऱ्या हौशी खेळाडूंना जाते. गेममध्ये आज अधिकृतपणे मिळणारा ‘सर्व्हायव्हल मोड’ हे त्याचे सर्वात बोलके उदाहरण. आणि त्यातूनच एक अवघड प्रश्नही उभा राहतो : विकत घेतलेल्या गेमवर शेवटी ताबा कोणाचा?

मुळात अडचण काय होती?

स्कायरिम हा बर्फाचा प्रदेश आहे. उत्तरेला गोठलेला समुद्र, डोक्यावर ध्रुवीय प्रकाश, वाटेत हिमवादळे. पण मूळ गेममध्ये हा बर्फ निव्वळ देखावा होता. नायक अंगावर जेमतेम चिंधी गुंडाळून हिमनगांच्या पाण्यात तासभर पोहला तरी त्याला साधी शिंक येत नसे. लढाईत ड्रॅगन आग ओकत असताना मेनू उघडायचा, गेम थांबवायचा आणि एका दमात चीजची वीस चाके फस्त करून जखमा भरायच्या, हा तर खेळाडूंमधला कायमचा विनोद. त्यात ‘फास्ट ट्रॅव्हल’ची सोय. नकाशावर एकदा पाहिलेल्या ठिकाणी क्लिक केले की नायक तिथे हजर. बेथेस्डाने मेहनतीने रचलेले जंगल, घाट आणि खेडी ओलांडायची गरजच उरत नव्हती.

परिणामी गावातील खानावळी शोभेपुरत्या राहिल्या. दहा सोन्याच्या नाण्यांत रात्रभर खोली मिळते, पण झोपायचे कशाला? चुलीवर रश्शाची सोय आहे, पण शिजवायचे कशाला? जगात सगळे काही होते, फक्त त्याची गरज नव्हती.

मग खेळाडूंनी काय केले?

फेब्रुवारी २०१२ मध्ये कंपनीने ‘क्रिएशन किट’ हे साधन मोफत खुले केले. गेममधील वस्तू, पात्रे, नियम बदलण्यासाठी विकासक जे वापरतात, जवळपास तेच. त्याच वर्षी ‘फ्रॉस्टफॉल’ नावाचा मॉड आला आणि बर्फाला पहिल्यांदा दात फुटले. पाऊस लागला की नायक भिजणार, भिजला की गारठणार, गारठा वाढला की आधी वेग मंदावणार आणि शेवटी जीव जाणार. उपाय? उबदार कपडे, तंबू, शेकोटी. जोडीला ‘रिअॅलिस्टिक नीड्स अँड डिसीजेस’, ‘आयनीड’ यांसारख्या मॉडनी भूक, तहान आणि झोप आणली.

ऐकायला हा जाच वाटतो. दिवसभर ऑफिसात राबून आलेल्या माणसाने घरी बसून आभासी माणसाच्या जेवणाची चिंता का करावी? पण खेळून पाहिलेल्यांना उत्तर माहीत असते. कथेच्या सुरुवातीच्या टप्प्यातच नायकाला ‘हाय ह्रॉथगार’ या शिखरावरच्या मठात जावे लागते. सात हजार पायऱ्यांचा तो रस्ता मूळ गेममध्ये निवांत फेरफटका आहे. थंडीचा नियम लागू झाला की हीच चढण मोहीम होते. पायथ्याच्या आयव्हरस्टेड गावात मुक्काम करायचा, गरम रस्सा बरोबर घ्यायचा, आभाळ पाहून निघायचे. गडावर जाणाऱ्याला पाण्याची बाटली आणि परतीचा उजेड यांचा हिशेब जसा करावा लागतो, तसाच हा हिशेब. नवा राक्षस नाही, नवा नकाशा नाही. फक्त अंतराला किंमत आली.

अर्थात, ही कल्पना स्कायरिमच्या चाहत्यांनी शून्यातून काढलेली नाही. ऑब्सिडियन या स्टुडिओच्या २०१० मधील ‘फॉलआउट : न्यू व्हेगस’मध्ये भूक, तहान, झोप मोजणारा ‘हार्डकोअर मोड’ होताच. फरक इतकाच, की तिथे तो बनवणाऱ्यांनी दिला, इथे खेळणाऱ्यांनी घेतला.

अधिकृत ‘सर्व्हायव्हल मोड’ कसा चालतो?

कंपनीची आवृत्ती २०१७ मध्ये ‘क्रिएशन क्लब’ या दुकानातून आली. तिची रचना सुटसुटीत आहे. थंडीमुळे आरोग्याची कमाल मर्यादा घटते, भुकेमुळे दमाची, थकव्यामुळे जादूची. प्रत्येक त्रासाला एकेक पट्टी बांधलेली, त्यामुळे पडद्यावर गर्दी होत नाही. जखमा आपोआप भरत नाहीत, फास्ट ट्रॅव्हल बंद, पाठीवर वाहायच्या ओझ्याची मर्यादा कमी, बाणांनाही वजन आणि झोपल्याशिवाय पुढची पातळी नाही. कच्चे मांस खाल्ले तर पोट बिघडते.

रचना म्हणून हे चांगले काम आहे, हे मान्य करायला हवे. पण ते अर्धेच आहे. स्कायरिममधील कामे फास्ट ट्रॅव्हल गृहीत धरून लिहिली गेली आहेत. एखादा गट नायकाला नकाशाच्या एका टोकाला किरकोळ वस्तू आणायला पाठवतो, ती आणली की दुसऱ्या टोकाला. क्लिक करून जाता येत होते तेव्हा हे खपून गेले, पायी जाताना ते रटाळ होते. मोठ्या शहरांबाहेर घोडागाड्या आहेत, पण परतीच्या वाटेवर बहुतेक ठिकाणी काहीच नाही. कंपनीने प्रवास बंद केला, पण प्रवासाची पर्यायी सोय उभी केली नाही. ती पोकळी पुन्हा हौशी मंडळींनीच भरली. जादा गाड्या, होड्या, कमी वेगाने लागणारी भूक, प्रदेशानुसार वेगळी थंडी, प्रत्येकासाठी कुठला ना कुठला मॉड आहे.

पैशांचा वाद काय आहे?

एप्रिल २०१५ मध्ये व्हॉल्व्ह आणि बेथेस्डा यांनी स्टीमवर मॉड विकण्याची मुभा दिली. मिळकतीतील ३० टक्के व्हॉल्व्हला, ४५ टक्के बेथेस्डाला आणि प्रत्यक्ष मॉड बनवणाऱ्याला २५ टक्के, अशी वाटणी होती. खेळाडू इतके भडकले की २३ एप्रिलला सुरू झालेली योजना २७ एप्रिलला गुंडाळावी लागली आणि ग्राहकांचे पैसे परत केले गेले.

त्यातील एक तपशील आजही बोचरा आहे. पहिल्या विक्रीयोग्य मॉडमध्ये मासेमारीचा एक मॉड होता, ‘फ्रॉस्टफॉल’च्याच निर्मात्याचा. पण तो दुसऱ्या एका मॉडकर्त्याच्या मोफत ॲनिमेशन साधनावर अवलंबून असल्याने वाद पेटला आणि तो लगोलग मागे घ्यावा लागला. सहा वर्षांनी, नोव्हेंबर २०२१ मधील दशकपूर्तीच्या अपडेटमध्ये कंपनीने ‘स्पेशल एडिशन’च्या सर्व ग्राहकांना चार गोष्टी मोफत दिल्या. त्यातील दोन म्हणजे सर्व्हायव्हल मोड आणि मासेमारी. योगायोग असेलही. पण बाजाराला काय हवे आहे याची चाचपणी वर्षानुवर्षे कोणी आणि कोणत्या मोबदल्यात केली, हे त्यातून दिसतेच.

मॉडकर्त्यांना पैसे मिळू नयेत, असा सूर तेव्हा अनेक खेळाडूंनी लावला होता. तो पटणारा नाही. हौस म्हणून केलेल्या कामालाही रात्री जागाव्या लागतात. डिसेंबर २०२३ पासून ‘क्रिएशन्स’ या नव्या व्यवस्थेत मान्यताप्राप्त मॉडकर्त्यांना पुन्हा विक्रीची परवानगी मिळाली आहे, आणि तत्त्व म्हणून ते योग्यच आहे. खरी गोची पैशांत नाही, जबाबदारीत आहे.

अपडेटने मॉड का मोडतात?

इथे थोडे तांत्रिक. साधे मॉड म्हणजे गेमच्या नोंदींवर चढवलेला थर. एकाच नोंदीला दोन मॉडनी हात लावला, तर जो शेवटी लोड होतो त्याचे चालते. म्हणून लोड होण्याच्या क्रमाला इतके महत्त्व. शिवाय प्रत्येक पूर्ण प्लगइनला आठ बिटांचा क्रमांक मिळतो, त्यामुळे मर्यादा जेमतेम अडीचशेच्या आसपास. ‘हलक्या’ प्लगइनची सोय नंतर आली.

मोठे मॉड मात्र याहून खोल जातात. ‘स्क्रिप्ट एक्स्टेंडर’ हे चाहत्यांनी बनवलेले साधन गेमच्या चालू प्रोग्रॅमच्या आत शिरून नवी कार्ये जोडते. त्यासाठी मेमरीत कोणती गोष्ट नेमकी कुठे आहे, हे ठाऊक असावे लागते. २०२१ मध्ये बेथेस्डाने कंपायलर बदलून प्रोग्रॅम नव्याने बांधला आणि हे सगळे पत्ते हलले. साधनावर उभे असलेले असंख्य मॉड एका झटक्यात बंद. ज्यांचे निर्माते गेम सोडून गेले होते, त्यांना दुरुस्त करणार कोण? अनेकांनी शेवटी आपला गेम जुन्या आवृत्तीवर नेणारे पॅच शोधले. तेही चाहत्यांनीच बनवलेले.

कंपनीने गेम सुधारूच नये, असे कोणी म्हणत नाही. पण दशकभर जुन्या, एकट्याने खेळायच्या गेममध्ये दुकानाची सोय करण्यासाठी खेळाडूचे मांडलेले घर मोडायचे, हे कुठल्या हिशेबात बसते? स्टीमवर फार तर ‘गेम सुरू करेन तेव्हाच अपडेट कर’ असे सांगता येते, कायमचे ‘नको’ म्हणता येत नाही. हे अशक्य नाही. पॅराडॉक्ससारखी कंपनी त्याच स्टीमवर आपल्या गेमच्या जुन्या आवृत्त्या निवडू देते. बेथेस्डाने हे एक जरी केले असते, तरी निम्मा त्रागा टळला असता. आता तर मॉड पैसे घेऊन विकले जातात. विकलेली वस्तू कंपनीच्याच अपडेटने मोडली, तर ग्राहकाने दाद कोणाकडे मागायची?

नव्याने सुरुवात करायची असेल तर?

आधी फक्त अधिकृत सर्व्हायव्हल मोडवर आठ-दहा तास काढावेत. त्यात नेमके काय खटकते ते कळले की तेवढ्यापुरतेच मॉड घ्यावेत. कोणाची तरी तीनशे मॉडची यादी डोळे मिटून उतरवणाऱ्यांचा वेळ खेळण्यात कमी आणि गेम का बंद पडला हे शोधण्यात जास्त जातो. ‘अनऑफिशियल पॅच’ मात्र जरूर घ्यावा, कारण कंपनीने सोडलेले शेकडो दोष त्यात दुरुस्त केलेले आहेत. मॉड जोडताना नवा खेळ सुरू करावा आणि स्क्रिप्ट वापरणारा मॉड खेळाच्या मध्येच काढू नये, कारण त्याचे अवशेष सेव्ह फाइलमध्ये राहतात आणि वीस-तीस तासांनी डोके वर काढतात. चालू स्थितीतील गेमच्या फोल्डरची एक प्रत बाजूला ठेवावी. आणि रिव्हरवूडहून उत्तरेकडे निघताना केसाळ कातड्याचे कपडे, दोन वाट्या गरम रस्सा आणि हातात मशाल हवी. ती नुसता उजेड देत नाही, थोडी ऊबही देते.